न बुजवलेली भेग

परभणीची काळी माती मार्च संपत आला की तडकायला लागते. आधी केसाएवढी रेघ दिसते, मग तिच्यात बोट जातं, आणि एप्रिलच्या उन्हात काही ठिकाणी मनगटापर्यंत हात आत जातो. शेतात याचं कुणाला काही वाटत नाही. पण आमचं कब्रस्तानही त्याच मातीत आहे. रेल्वेच्या रुळांपलीकडे, वेड्या बाभळींच्या कुंपणातलं, लहानसं. फरशी बसवलेल्या कबरी तिथे मोजक्या. बाकीच्या मातीच्या, डोक्याशी लोखंडी क्रूस. उन्हाळा लागला की त्यांना डोक्यापासून पायापर्यंत भेगा पडतात, आणि आमचा पुनरुत्थानाचा सण नेमका तेव्हाच येतो.

म्हणून आमच्या चर्चच्या मंडळीत एक काम वर्षानुवर्षं चालत आलं आहे. गुड फ्रायडेच्या दुसऱ्या दिवशी, शनिवारी सकाळी, पुरुषमाणसं मुरमाची पोती घेऊन कब्रस्तानात जातात आणि सगळ्या भेगा बुजवतात. वरून पाणी मारतात, कडेनं चुना टाकतात. रविवारची पहाटेची उपासना तिथेच असते, बाहेरगावचे पाहुणे येतात. आपली माणसं अशी उलून पडलेली बरी दिसत नाहीत.

या कामाचे मुकादम म्हणजे माझे मिस्टर. त्यांना कुणी नेमलेलं नव्हतं. ते कृषी विद्यापीठात माती तपासायच्या प्रयोगशाळेत मदतनीस होते. आयुष्यभर त्यांनी पिशव्यांतून आलेली माती वाळवली, कुटली, चाळली. त्यामुळे मातीचं काही निघालं की मंडळी त्यांच्याकडे बघायची, आणि त्यांनाही ते आवडायचं. शनिवारी सकाळी ते स्कूटरवर मुरमाची दोन पोती बांधायचे आणि मी दारात उभी राहून दरवर्षी तेच म्हणायची.

“अहो, उद्या जे उघडायचंय ते आज बुजवायचं, ही कुठली रीत?”

ते दरवर्षी पहिल्यांदाच ऐकल्यासारखे हसायचे. मग जाता जाता मातीचा धडा द्यायचे. “ही माती मेलेली नसते गं. उन्हाळ्यात तोंड उघडती, वरचं आत घेती. पावसात फुगती अन्‌ आतलं वर ढकलती. रानात पुरलेला दगड काही वर्षांनी आपोआप वर येतो, तुला ठाऊक हाय का?”

“दगड येतो हो. माणूस आलेला बघितलाय का कधी?”

“अजून न्हाई,” ते म्हणायचे आणि स्कूटरला किक मारायचे.

माझा विश्वास त्यांच्यासारखा कधीच नव्हता. मी सेलूची, जन्मापासून याच धर्मातली. रविवारी चर्चला जायचं, नाताळात करंज्या तळायच्या, कुणी आजारी असलं तर प्रार्थनेला बसायचं, एवढं मी बिनबोभाट केलं. पण डोळे मिटल्यावर माझ्या मनात बहुतेक वेळा शिवायचं राहिलेलं ब्लाउज असायचं. मी घरी बायकांचे कपडे शिवते. सणाच्या पहाटे जो पाठ वाचतात त्यात त्या बाया कबरीशी जातात, कबर मोकळी दिसते, आणि त्या भीतीनं आणि आनंदानं पळत सुटतात. हे मी लहानपणापासून ऐकत आले, आणि लहानपणापासून मला ते खोटं वाटत आलं. आनंद झाला तर भीती कशाची, आणि भीती वाटत असली तर आनंद कुठला? एकदा हे मी मिस्टरांना विचारलं होतं. ते म्हणाले, मला काय विचारतेस, बाया गेल्या होत्या, बाप्ये तर घरात कडी लावून बसले होते.

गेल्या दिवाळीनंतर एका सकाळी ते बूट घालता घालता गेले. एक पायात होता, दुसरा हातात. मी आतून चहा घेऊन आले तर पलंगावर टेकलेले, मान भिंतीला. डॉक्टर येईपर्यंत मी त्यांच्या हातातला बूट काढून घेऊन तसाच धरून बसले होते. दफनाच्या वेळी त्यांना दोन्ही बूट घालायचे असं मी ठरवलं होतं, पण त्या गडबडीत कुणीतरी नवे मोजे घातले आणि बूट पलंगाखालीच राहिले. अजून तिथेच आहेत. झाडताना मी ते उचलते, खालची धूळ काढते आणि परत जागेवर ठेवते.

लोक आले. चांगलं बोलले. पुन्हा भेट होईल, म्हणाले. कधी आणि कुठे हे मात्र एकानंही सांगितलं नाही, आणि मी विचारलं असतं तर माझीच शोभा झाली असती. पुण्याला नोकरी करणारी मुलगी पंधरा दिवस राहून गेली. ती गेल्यावर घरात मी आणि मशीन. मशीनसुद्धा मला ओळख दाखवेना. दोन ब्लाउजांना डाव्या बाह्या उजवीकडे लावल्या, एका गिऱ्हाइकानं तोंडावर सांगितलं, आणि मी तिच्याशी भांडले. चूक माझीच होती. खरं सांगते, त्या महिन्यांत मी देवावर रागावलेसुद्धा नव्हते. रागवायला समोर कुणी आहे असं तरी वाटावं लागतं. रात्री दिवा घालवताना मनात एकच वाक्य यायचं: संपलं ते संपलं. ते वाक्य मला पटत होतं, म्हणून त्याचा त्रासही होत नव्हता.

सणाच्या आदल्या आठवड्यात आमच्या चर्चचे पाळक घरी आले. तिशीतला माणूस, नवा, सगळ्यांशी फार हळू बोलणारा. चहा पिऊन झाल्यावर बशीकडे बघत म्हणाले, “ताई, या वर्षीची हाळी तुमची.”

मला ते माहीत होतं. आमच्याकडची ही जुनी पद्धत आहे. सणाच्या पहाटे सगळी मंडळी कब्रस्तानाच्या फाटकाबाहेर अंधारात उभी राहते. ज्या घरची कबर सगळ्यात ताजी, त्या घरची बाई एकटी आत जाते. आपल्या माणसाच्या कबरीपाशी थांबते, परत फाटकाशी येते, आणि मोठ्यानं सांगते, “प्रभू उठला आहे!” मग सगळे म्हणतात, “खरोखर उठला आहे!” आणि मेणबत्त्या पेटवून आत शिरतात. त्या बाईनं सांगितल्याशिवाय कुणी आत पाऊल टाकत नाही, पाळकसुद्धा नाही. याआधी हाळी देणाऱ्या बायांचे चेहरे मी बघितले होते. तेव्हा मी मागे उभी राहून मेणबत्तीचं मेण बोटावर सांडू नये म्हणून कागद गुंडाळत असायची.

“दुसऱ्या कुणाला सांगा,” मी म्हटलं. “माझा आवाज बसलाय.”

“आवाज बारीक असला तरी चालेल ताई. बाईच लागते.”

“आणि तिला ते खरं वाटत नसलं तर?”

त्यांनी वर बघितलं. मला वाटलं आता प्रवचन येणार. पण ते म्हणाले, “साहेब असते तर काय म्हणाले असते?” हा प्रश्न मला अजिबात आवडला नाही. मेलेल्या माणसाचं नाव पुढे केलं की जिवंत माणसाला बोलायला जागा राहत नाही. मी बघू म्हणाले, आणि ते गेल्यावर कपबशा इतक्या जोरात आपटल्या की एक फुटली.

शनिवारी मी फुलं घेऊन कब्रस्तानात गेले. दफन केलं तेव्हा माती ओलसर, मऊ होती. आता कबरीला उसवलेल्या शिवणीसारखी एक सरळ भेग पडली होती, क्रुसाच्या पायथ्यापासून पार खालपर्यंत. मुरूम घेऊन चार-पाच जण आले होते. पूर्वी जे त्यांच्या हाताखाली काम करायचे तेच. आता मुकादम कुणी नव्हता, त्यामुळे सगळेच एकमेकांना हुकूम सोडत होते. एकानं घमेलं उचललं आणि आमच्या कबरीकडे आला. म्हणाला, “वहिनी, व्हा बाजूला. पहिल्यांदा साहेबांचीच बुजवू.”

आणि माझं डोकं फिरलं. का ते मला आजही नीट सांगता येत नाही. घमेल्यातला तो मुरूम, त्याचा तो उत्साह, उद्याची ती हाळी, सगळं एकदम घशाशी आलं.

“ठेव ते खाली,” मी ओरडले. “बुजवायची न्हाई ही. उठणार हायेत ना सगळे? उद्या हाळी देऊन तेच सांगायचंय ना मला? मग वाट मोकळी राहू दे. आज वरून माती टाकायची अन्‌ उद्या गाणी म्हणायची, मला न्हाई जमत.”

मी हे चिडून बोलले. टोमणा मारला, सरळ सरळ. मला वाटलं, आता कुणीतरी माझ्यावर ओरडेल, बाई वेडी झाली म्हणेल, आणि उद्याच्या कामातून मी सुटेन. पण तसं झालं नाही. घमेलं धरलेल्या माणसानं ते खाली ठेवलं आणि डोक्यावरची टोपी काढली. चुन्याची बादली घेऊन आलेले पाळक मागेच उभे होते. त्यांचे डोळे भरून आले होते.

“असा विश्वास,” ते म्हणाले, “मी आजवर बघितला नाही.”

मला हसू आलं आणि लाजही वाटली. तोंड उघडून सांगायला हवं होतं, अहो, हा विश्वास नाही, हा माझा स्वभाव आहे. मिस्टर असते तर पोट धरून हसले असते. पण ती माणसं माझ्याकडे अशा नजरेनं बघत होती की ते सांगायचं राहून गेलं. मी फुलं ठेवली आणि घरी निघून आले. दुपारी मंडळीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पाळकांनी लिहिलं की आपल्या एका भगिनीनं आज आम्हा सर्वांना विश्वास म्हणजे काय ते शिकवलं. खाली जोडलेल्या हातांची रांग लागली. मी लिहिलं, “मी रागाच्या भरात बोलले होते.” ते वाचलं, आणि पाठवायच्या आधी पुसून टाकलं. संध्याकाळपर्यंत असं चारदा झालं.

रविवारी पहाटे फाटकाबाहेर पन्नास-साठ माणसं होती. अंधारात ओळखी पटत नव्हत्या, नुसते खोकल्यांचे आवाज. तेवढ्यात कुणीतरी माझा पदर धरला. झरी गावची बाई होती ती. नवरा-बायको दोघं दुसऱ्यांच्या रानात मजुरी करतात. दोन वर्षांपूर्वी त्यांची सात वर्षांची लेक कापूस वेचायच्या दिवसांत साप चावून गेली. गावात आपल्या लोकांना पुरायला जागा नाही म्हणून तिला टेम्पोत घालून परभणीला आणलं होतं. माझी आणि त्या बाईची ओळख तेवढीच, सणासुदीला बघून हसायची. आदल्या दिवशी एसटीनं येऊन ती रात्री चर्चच्या ओसरीवर झोपली होती.

“ताई,” ती कानाशी म्हणाली, “मी बी माझ्या लेकीची न्हाई बुजवली.”

मला आधी कळलंच नाही.

“काल बाप्ये मुरूम टाकायलेले. तुमी काय बोललाव ते मला सांगितलं त्यायनी. मग मी म्हनलं, माझ्या लेकीची बी ऱ्हाऊ द्या. लहान लेकरू हाय, तिला वरची माती निघायची न्हाई.” तिनं माझा पदर सोडला नव्हता. “खरंच व्हईल का हो ताई? आज न्हाई तर कवा तरी?”

माझा टोमणा एका आईनं उचलून आपल्या लेकराच्या उशाशी ठेवला होता. मी काही बोलणार तेवढ्यात पाळकांनी फाटक उघडलं आणि माझ्याकडे बघून मान हलवली.

मी एकटी आत गेले. पूर्वेला जरा उजाडल्यासारखं होतं, पण कबरी नुसत्या उंचवट्यांसारख्या दिसत होत्या. चुन्याच्या पांढऱ्या रेघांवरून वाट कळत होती. आमच्या कबरीपाशी मी बसले. भेग होती तशीच होती. मी काय धरून चालले होते कोण जाणे. मी त्यांना म्हटलं, बघा, तुमच्या या मातीपायी माझी काय गत झाली. मग मी भेगेत हात घातला. का घातला ते विचारू नका. हात आत जात राहिला, मनगट गेलं, कोपराखालचा अर्धा हात गेला. वर दिवसभर तापलेली ती माती, पण आत गारवा होता, रांजणाच्या बुडाशी असतो तसा. आणि एकाएकी मला भीती वाटली. आत काही हाताला लागेल याची वाटली, आणि काहीच लागणार नाही याचीही. मी हात ओढून घेतला तेव्हा मनगटाला कडेचं ढेकूळ घासून खरचटलं.

काही लागलं नव्हतं. माती होती.

मी ठरवलं, फाटकाशी जाऊन खरं सांगायचं. मी रागानं बोलले होते, मला यातलं काही वाटत नाही, मुरूम आणा आणि दोन्ही भेगा बुजवा. झरीच्या बाईला आज वाईट वाटेल, पण रोज वाटण्यापेक्षा बरं. आशा ही काय कुणाला आंधळेपणानं वाटत सुटायची वस्तू आहे? ज्याच्या घरी ती नाही त्यानं तर मुळीच वाटू नये. एवढं मनाशी पक्कं करून मी उठले.

फाटकाशी आले तर कुणी खोकतसुद्धा नव्हतं. पहिल्या रांगेत ती उभी होती, हातात न पेटवलेली मेणबत्ती. मी तोंड उघडलं. खरंही बोलवेना आणि ठरलेलंही बोलवेना. मागचं एक तान्हं मूल रडून गप्प झालं. तेव्हा ती झरीची बाई हळूच, मुलीला शिकवावं तसं म्हणाली, “बोला ताई.”

“प्रभू उठला आहे,” मी म्हटलं. हाळी नव्हतीच ती. समोरच्या दोन रांगांना ऐकू गेलं असेल.

“खरोखर उठला आहे!” माणसं गरजली आणि मेणबत्त्या पेटल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सगळे माझ्या बाजूनं आत शिरले, बायांनी माझे हात दाबले, ढोलकी सुरू झाली. इतक्या माणसांसमोर मी आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलले होते, आणि सगळे मला धन्यवाद देत होते.

उपासना झाल्यावर मी तिला शोधायला गेले. लेकीची कबर कुंपणाजवळ आहे, हातभर रुंदीची. ती तिथे गुडघ्यावर बसून, तोंड भेगेशी नेऊन बोलत होती. नव्या शेळीला पिल्लं झाल्याचं सांगत होती. मी आल्याचं कळलं तशी उठून बसली आणि पदरानं ओठांची माती पुसली.

“तुला एक सांगायचंय,” मी म्हटलं. “मी काल ते चिडून बोलले होते. विश्वासानं नाही. आणि आत्ता फाटकाशी बोलले तेही तसंच. मला यातलं काही खरं वाटत नाही. तू माझ्यामुळे ही भेग उघडी ठेवू नकोस.”

तिनं माझ्याकडे बघितलं. रागानं नाही, नवलानंही नाही.

“ते मला ठाऊक व्हतं की ताई. तुमच्या तोंडावरनंच दिसत व्हतं.”

“मग?”

“मग काय? रागानं का व्हईना, तुमीच बोललाव. दोन वर्षं झाली, समदे मला म्हनायलेत सबुरी धर, इसर. वाट मोकळी ठेवा म्हून कुनीच न्हाई बोललं.” तिनं भेगेतलं एक वाळकं पान उचलून बाजूला टाकलं. “मला बी कुठं रोज खरं वाटतंय? सकाळी वाटतंय, रानात जाईस्तोवर जातंय. पर बुजवून टाकल्यावर मग काय बघावं मानसानं?”

मी तिच्याशेजारी खाली बसले. ऊन वर आलं होतं, माणसं पांगायला लागली होती. जायच्या वेळी ती उठली आणि पिशवीतून मोबाइल काढला.

“तुमचा लंबर द्या. मला झरीहून रोज येनं व्हायचं न्हाई. तुमी गावातच हायेत. सांजच्याला जात जा अन्‌ बघत जा. तुमच्या मानसाचं बघालच, तसं माझ्या लेकीचं बी.”

नाही म्हणायचं तर म्हणता आलं असतं. नंबर मात्र मी दिला.

सोमवारी मी एक घमेलं मुरूम रिक्षात घालून कब्रस्तानात नेला. कबूल करते, दोन्ही भेगा बुजवून टाकायच्या आणि तिला फोनवर काहीतरी सांगायचं, असाच बेत होता. भेगेच्या कडेला घमेलं टेकवलं. आत वाकून बघितलं. मग तो मुरूम फाटकापाशी जिथे पावसाळ्यात चिखल होतो तिथे ओतला आणि पायानं पसरला. संध्याकाळी सातला तिचा फोन आला.

“काय ताई?”

“काही नाही,” मी म्हटलं. “आहे तसंच.”

“बरं. उद्या बघा.”

हे रोज चालू झालं. संध्याकाळी मशीनवरचं कापड तसंच टाकून मी रूळ ओलांडते, आधी कुंपणाजवळची लहान कबर बघते, मग आमची. चुन्याची रेघ केव्हाच पुसली. भेगा रुंद होत चालल्या आहेत. मला कसली आशा वाटते असं नाही. बहुतेक दिवस परत येऊन घरात शिरल्यावर पलंगाखालचे बूट पहिले दिसतात. एकदा मी तिला म्हटलं, “महिन्या-दीड महिन्यात पाऊस येईल. माती फुगली की भेगा आपोआप मिटतात. मग काय बघायचं?” ती म्हणाली, “मिटू द्या. पुढल्या उन्हाळ्यात पुन्यांदा उलतीच की भुई.” मी फोन ठेवून कितीतरी वेळ चिडून बसले होते.

परवाची गोष्ट. गिऱ्हाईक बसून राहिलं म्हणून जायला उशीर झाला. फाटकातून आत शिरले आणि लांबूनच दिसलं, आमच्या कबरीचा क्रूस कलला होता आणि वरची माती एका बाजूला सरकून मोठं भगदाड पडलं होतं. मी जागच्या जागी थिजले. भीतीनं पळून जावं असं वाटलं. आणि मी पळाले, पण त्याच्याकडे. या वयात, चपला सुटल्या तरी न थांबता, पदर कुठे आणि मी कुठे. मधल्या चार कबरी मी कशा ओलांडल्या ते मला आठवत नाही. एवढंच आठवतं की पळताना मी हसत होते. तोंडानं त्यांना हाक मारत होते.

भेगेची एक कड ढासळली होती, दुसरं काही नाही. उन्हानं ढेकळं सुटली, खाली बसली आणि क्रुसाचा आधार गेला. आत वाकून बघितलं तर माती आणि तिच्यावर धावणाऱ्या मुंग्या. मी तिथेच बसले आणि दफनाच्या दिवशी रडले नव्हते तेवढी रडले. मग क्रूस सरळ केला, भोवती दगड ठोकले आणि चपला शोधून पायात घातल्या. लहान कबर बघायची राहिली होती, तीही बघितली.

घरी येईपर्यंत सात वाजून गेले होते. कुलूप उघडते न उघडते तोच फोन वाजला. हाताला अजून माती होती, ती मी साडीला पुसली.

“काय ताई?” ती म्हणाली. “आज लय येळ लावलाव. झालं का काही?”

मी पलंगावर टेकले.

“अजून न्हाई,” मी म्हटलं.